आधी नक्कल, मग निदान

ठाण्याच्या खाडीपासून उल्हास नदीच्या काठापर्यंत पसरलेल्या या मध्यमवर्गीय वस्तीत, मराठी मजकूर जुळवण्याचा व्यवसाय १९९० च्या दशकात छापखान्यातल्या खिळ्यांपासून सुटून इमारतींच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यांवरील एखाद्या खोलीत आला, आणि तेथे, एका अंगाला स्वयंपाकघर व दुसऱ्या अंगाला मुलांचा अभ्यास अशा मधल्या जागेत मांडलेल्या संगणकावर शाळांच्या शतसांवत्सरिक स्मरणिका, ज्ञातिसंस्थांची मासिके, कुलवृत्तान्त, कवितासंग्रह, पतपेढ्यांचे वार्षिक अहवाल आणि अर्थातच दिवाळी अंक सिद्ध होऊ लागले. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलने ठाण्यात १९६०, १९८८ व २०१० साली आणि डोंबिवलीत २०१७ साली भरली. अशा मुलखात लिहिणाऱ्यांची आणि लिहिलेले जुळवून घेणाऱ्यांची वानवा कधी पडली नाही.

छापून बाहेर पडलेले पुस्तक यथाकाल एखाद्या ग्रंथालयाच्या कपाटात दाखल होते. परंतु जे छापलेच गेले नाही, किंवा ज्याच्या मोजक्या प्रती निघून आप्तेष्टांत वाटल्या गेल्या, त्याची मूळ प्रत अद्याप त्या घरगुती संगणकाच्या हार्ड डिस्कमध्येच पडून आहे, आणि त्या डिस्कांचे वय आता वीस वर्षांच्या पुढे गेले आहे. त्या एकामागून एक निकामी होत आहेत. या पट्ट्यातील दुरुस्तीच्या दुकानांतून जे पाहावयास मिळते त्यावरून माझे स्पष्ट मत असे झाले आहे की, डिस्क मरते म्हणून जितका मजकूर नाहीसा होतो, त्याहून अधिक मजकूर ती मरत असताना तिच्यावर केलेल्या उपचारांनी नाहीसा होतो.

डोंबिवली पूर्वेला, फडके रस्त्याच्या मागच्या अंगाला असलेल्या एका दुरुस्तीकाराच्या टेबलावर आलेल्या संगणकाचे उदाहरण घेऊ. संगणक असेंबल केलेला, विंडोज एक्सपी चालणारा, ४० जीबीची, आयडीई या जुन्या जोडणीची डिस्क असलेला. तो घेऊन आलेल्या बाई अनेक वर्षे घरूनच मजकूर जुळवण्याचे, म्हणजे डीटीपीचे, काम करणाऱ्या. त्यांची कैफियत अशी की, प्रथम यंत्र मंद झाले. मग एक ठरावीक फाइल उघडू लागताच पुढचा तांबडा दिवा अखंड पेटून राहू लागला. आणि शेवटी आतून थांबून थांबून टिकटिक ऐकू येऊ लागली. तेव्हा सोसायटीतल्या एका जाणत्या तरुणाने, सर्वथा सद्हेतूने, विंडोजची डिस्क-तपासणी रात्रभर लावून ठेवली. सकाळी पाहतात तो ज्या फोल्डरात एका घराण्याचा कुलवृत्तान्त होता तो फोल्डर नाहीसा झालेला, आणि त्याच्या ठिकाणी 'फाउंड' अशा नावाच्या दुसऱ्याच फोल्डरात, नावाऐवजी केवळ क्रमांक धारण केलेले तुकडे उरलेले.

"दादा, एकदा चालू करून बघा ना. काल रात्रीपर्यंत चालत होता हो."

"नाही ताई, आता हा चालू करायचाच नाही. आधी डिस्क काढू, जेवढं निघतंय तेवढं काढून घेऊ. मशीनचं मग बघू."

या तीन वाक्यांत त्या दुरुस्तीकाराने जे सांगितले, तेच या विषयाचे सार आहे. आणि ते का खरे आहे हे समजण्यासाठी डिस्कच्या आत काय घडते याची थोडी कल्पना असणे अवश्य आहे. चकचकीत तबकड्या मिनिटाला ७,२०० फेऱ्यांच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला १२० वेळा, फिरत असतात, आणि त्यांच्यावरून वाचणारे शीर्ष म्हणजे हेड, त्या फिरण्याने उत्पन्न झालेल्या हवेच्या थरावर अवघे काही नॅनोमीटर अंतर राखून तरंगत असते. मानवी केसाची जाडी या अंतराच्या हजारो पटींनी अधिक असते. वयामुळे, धक्क्यामुळे अथवा आत शिरलेल्या कणामुळे हे अंतर मोडले की शीर्ष पृष्ठभागाला घासते, त्यावरचा चुंबकीय लेप खरवडला जातो, आणि त्या खरवडलेल्या चुऱ्याने पुढची प्रत्येक फेरी अधिक घातक होते. टिकटिक म्हणून जो आवाज येतो तो बहुधा, आपली जागा न सापडल्यामुळे वारंवार मूळ ठिकाणी परत येणाऱ्या शीर्षाचा असतो. अशा अवस्थेत संगणक 'एकदा चालू करून पाहणे' म्हणजे शिल्लक आयुष्यातला काही भाग, काहीही पदरात न पाडता, खर्ची घालणे होय.

४० जीबीच्या डिस्कमध्ये प्रत्येकी ५१२ बाइटांचे ७,८१,६५,३६० विभाग असतात. त्यांना सेक्टर म्हणतात. एवढ्या विस्तारात काही विभाग खराब होणारच, हे गृहीत धरून कारखान्यातच थोडे विभाग राखीव ठेवलेले असतात. जुन्या कचेरीतला दक्ष कारकून वाळवी लागलेल्या पानावरची नोंद वहीच्या अखेरीस असलेल्या कोऱ्या पानावर उतरून समासात तसा शेरा मारून ठेवी, त्याप्रमाणे डिस्कही खराब विभागाऐवजी राखीव विभाग वापरू लागते आणि त्याची गणती आपल्या गुप्त नोंदवहीत करते. परंतु जी नोंद वाचताच आली नाही ती उतरून कशी घेणार? म्हणून असा विभाग ती 'प्रलंबित' म्हणून टाकून ठेवते, आणि त्यावर काही नवे लिहिले जाईल तेव्हाच त्याचा निकाल लावते. विंडोजची तपासणी मात्र या गोष्टीचा विचार करीत नाही. डिस्क शाबूत आहे आणि फाइलींची अनुक्रमणिका तेवढी बिघडली आहे, असे मानून ती अनुक्रमणिका 'सुधारते', म्हणजे जे वाचता आले नाही ते अस्तित्वातच नाही असे समजून त्यावर नवे लिहिते. निरोगी डिस्कवर वीज गेल्यामुळे झालेला घोटाळा निस्तरण्यास हे साधन उत्तम. मरणाऱ्या डिस्कवर ते घातक.

डिस्कच्या या नोंदवहीला 'स्मार्ट' म्हणतात, आणि साध्या मोफत प्रोग्रामांनी ती वाचता येते. पाचव्या क्रमांकाची नोंद बदललेल्या विभागांची, १९७ वी प्रलंबित विभागांची, १९९ वी तारेवरून जाता-येता बिघडलेल्या मजकुराची. पुष्कळजण या वहीवर वेदवाक्यासारखा विश्वास टाकतात. तो अनाठायी आहे. २००७ साली गूगलच्या तीन अभियंत्यांनी एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात एकदा वाचनदोष आढळलेली डिस्क पुढील ६० दिवसांत निकामी होण्याची शक्यता दोष न आढळलेल्या डिस्कच्या ३९ पट असल्याचे दिसले. पण त्याच अभ्यासात, निकामी झालेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांनी महत्त्वाच्या चार नोंदींपैकी एकीतही आगाऊ सूचना दिलेली नव्हती, असेही निष्पन्न झाले. तात्पर्य, वही वाईट बोलली तर तत्काळ मानावी, चांगली बोलली तर तिच्या भरवशावर झोपू नये.

आता त्या टेबलाकडे परत येऊ. दुरुस्तीकाराने डिस्क सोडवून दुसऱ्या, चांगल्या चालणाऱ्या जुन्या संगणकाला नव्या चपट्या केबलने जोडली, आणि विंडोजला तिच्या जवळपासही न फिरकू देता, सीडीवरून लिनक्स सुरू करून 'डीडीरेस्क्यू' हा प्रोग्राम लावला. आंतोनियो दियाझ दियाझ यांनी २००४ पासून लिहिलेला हा मोफत प्रोग्राम माझ्या मते या क्षेत्रातील सर्वांत विवेकी साधन आहे. कारण तो फाइली मागत नाही, पहिल्यापासून शेवटपर्यंत विभागच्या विभाग उचलतो, जो विभाग अडतो त्याच्याशी झुंजत न बसता त्याची नोंद करून पुढे सरकतो, आणि सहज हाती लागणारे सारे सुरक्षित झाल्यावरच अडलेल्यांकडे वळतो. कोणता विभाग आला, कोणता राहिला, याचा नकाशा तो एका स्वतंत्र फाइलीत लिहीत जातो. त्यामुळे मध्येच वीज गेली अथवा डिस्क तापली म्हणून काम थांबवावे लागले, तरी सोडल्या जागेपासून पुन्हा आरंभ करता येतो. निरोगी असती तर अर्ध्या-पाऊण तासात उतरली असती अशी ती डिस्क संध्याकाळपर्यंत चालली. प्रथम आकडे झपाट्याने वाढले; मग एका जागी वेग जवळजवळ शून्यावर आला, आणि दुरुस्तीकाराने, बाईंच्या चेहऱ्याकडे न पाहता, डिस्कवर हात ठेवून तिची ऊब अजमावली, पंखा अधिक जवळ सरकवला आणि उलट्या दिशेने, म्हणजे शेवटाकडून, वाचन सुरू केले. पुढून न येणारा भाग मागून आला. अखेरीस फार थोडा अंश राहिला.

नक्कल पुरी झाल्यावर तिची दुसरी नक्कल घेऊन पुढचे सारे काम त्या दुसरीवर केले. हाही जाबता पाळण्यासारखाच आहे. फाइली उघडून एकेकीची रुजुवात पाहता इतर काम बहुतेक सारे शाबूत निघाले. कुलवृत्तान्ताच्या फाइलींची अनुक्रमणिका मात्र आदल्या रात्रीच पुसली गेली होती. तुकडे जुळवून, आणि दुसऱ्याच फोल्डरात सापडलेल्या जुन्या तारखेच्या प्रतीशी ताडून, त्यातला बराच भाग उभा राहिला, तरी शेवटच्या दुरुस्त्या गेल्या त्या गेल्याच. त्या रात्रीची तपासणी झाली नसती तर त्याही हाती लागल्या असत्या, असे दुरुस्तीकाराचे म्हणणे, आणि मला ते पटते.

नक्कल आधी घेण्याचा आणखी एक फायदा असा की, निम्मे निदान त्यातच होऊन जाते. डिस्क गेली असे जेव्हा आपण म्हणतो तेव्हा दोष अनेकदा भोवतालच्या वस्तूंत असतो. मदरबोर्डवरची सीआर २०३२ ही तीन व्होल्टची नाण्याएवढी बॅटरी संपली की जुना संगणक तारीख विसरतो आणि कधी कधी डिस्कची मांडणीही विसरतो. मालकाला वाटते, डिस्कच नाहीशी झाली. आयडीईची केबल, ४० पिनांची पण ८० तारांची, जागच्या जागी सैल होते अथवा दुमडून मोडते; मग मजकूर वाटेत बिघडतो, १९९ वी नोंद वाढत जाते, आणि सहा वेळा असा व्यत्यय आला की एक्सपी ती वाहिनी पीआयओ या संथ पद्धतीवर आणून ठेवते, ज्यामुळे संगणक कासवगतीने चालू लागतो व 'व्हायरस आला' अशी समजूत होऊन फॉर्मॅट मारण्यापर्यंत मजल जाते. संगणकाला वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसची बारा व्होल्टची ओळ ११.४ ते १२.६ च्या मर्यादेत हवी. आतले कपॅसिटर डोक्यावर फुगले की ती ओळ भाराखाली ढासळते, तबकड्यांना पुरता वेग येत नाही, आणि निरोगी डिस्कही टिकटिक करू लागते. डिस्क दुसऱ्या यंत्रात, दुसऱ्या केबलवर, दुसऱ्या एसएमपीएसवर जोडली की हे तिन्ही संशयित एकदम बाजूला पडतात. तेथे ती सुरळीत वाचली गेली तर दोष जुन्या यंत्राचा. तेथेही अडखळली तर दोष तिचा, आणि नक्कल तर एव्हाना सुरू झालेलीच असते.

या मुलखातील डिस्कांच्या वाट्याला काही विशेष दुःखे आली, त्यांचा उल्लेख केल्यावाचून हकीकत पुरी होणार नाही. २००५ च्या जूनमध्ये वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण अस्तित्वात आली आणि त्यानंतरच्या वर्षांत भारनियमनाने कहर केला. खास मुंबई शहर बव्हंशी उजेडात असताना ठाण्यापलीकडच्या घरांत ठरलेल्या व न ठरलेल्या वेळी वीज जात-येत राहिली. वीज जाताच डिस्क, तबकड्यांच्या उरलेल्या फिरण्यातूनच थोडी वीज निर्माण करून, शीर्ष सुरक्षित जागी ओढून घेते. ही योजना स्तुत्य असली तरी ती आणीबाणीची आहे, रोजच्या राबत्याची नव्हे. शिवाय लिहिता लिहिता वीज गेली तर अर्धवट लिहिलेला विभाग, पृष्ठभाग निर्दोष असूनही, वाचता येईनासा होतो. प्रलंबित नोंदींचा आकडा कधी कधी पुन्हा लिहिल्यावर उतरतो, त्याचे कारण हेच. भारनियमनाच्या काळात बाराशे-पंधराशे रुपये वाचवण्यासाठी यूपीएस न घेतलेल्या घरांनी त्याची किंमत पुढे फार मोठी दिली.

दुसरे दुःख हवेचे. मायक्रोसॉफ्टच्या नऊ माहितीकेंद्रांतील दहा लाखांहून अधिक डिस्कांच्या अभ्यासातून २०१६ साली असे दिसून आले की, डिस्क बिघडण्याशी उष्णतेपेक्षा सापेक्ष आर्द्रतेचा संबंध अधिक आहे, आणि त्यातही विद्युत्-जोडण्या व नियंत्रक भाग आधी बळी पडतात. आपल्याकडे आषाढ-श्रावणात कपाटातल्या चपलांना बुरशी येते. तेथे त्या निष्कर्षाचे आश्चर्य वाटू नये. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीच्या हवेची भर त्यात वेगळीच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली ७८.४१ या निर्देशांकासह डोंबिवलीची गणना देशातील अतिप्रदूषित क्षेत्रांत केली होती, आणि गंधकयुक्त वायू तांब्याला व चांदीला काळे पाडतात हे तर घरातल्या देवांच्या उपकरणांवरूनही सर्वांना ठाऊक आहे. डिस्कच्या पाठीवरचा हिरवा फलक सोडवून पाहावा. त्याचे पाच-सहा ताराकृती खाचांचे स्क्रू काढून तो हळूच उलटा केला म्हणजे, ज्या ठिपक्यांवर आतल्या शीर्षाच्या पिना टेकतात ते ठिपके चकचकीत असण्याऐवजी काळपट झालेले आढळतात. पेन्सिलच्या रबराने ते हलक्या हाताने घासून, आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसून फलक परत बसवल्यावर 'मेलेली' डिस्क ओळख देऊ लागल्याचे दाखले या भागातील दुरुस्तीकार देतात. घरी करता येण्याजोगी दुरुस्ती एवढीच. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कचा फलक आणून बसवण्याचा जुना उपाय आता बहुधा चालत नाही. प्रत्येक डिस्कची खास मोजमापे तिच्या स्वतःच्या फलकावरील चिपमध्ये लिहिलेली असतात आणि ती चिप उपटून नव्या फलकावर लावावी लागते.

तिसरे दुःख पाण्याचे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि इकडे उल्हास व वालधुनी यांच्या पुराने कल्याण-बदलापुरातील तळमजले बुडाले. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली तेव्हाही हाच प्रसंग. त्या काळच्या डिस्का पूर्णपणे बंदिस्त नसतात. आतला व बाहेरचा हवेचा दाब समान राहावा म्हणून त्यांना गाळणी लावलेले एक बारीक छिद्र असते, आणि पुराचे गाळयुक्त पाणी तेथून आत शिरते. अशी डिस्क उन्हात ठेवणे, तांदळाच्या डब्यात पुरणे किंवा केस वाळवण्याच्या यंत्राखाली धरणे, हे सारे उपाय तिचा घात करतात. पाणी उडून जाते आणि गाळ तबकडीवर चिकटून राहतो. ती न वाळवता, ओलसर ठेवूनच, पिशवीत घट्ट बंद करून, वीज न देता तज्ज्ञाकडे पोचवावी. त्याचप्रमाणे फ्रीझरमध्ये ठेवण्याचा जो तोडगा अजून तोंडोतोंडी चालत आला आहे तो आपल्या दमट हवेत सर्वथा वर्ज्य मानावा, कारण बाहेर काढताच तबकडीवर दंव धरते. आणि झाकण उघडणे तर निर्धूळ कक्षावाचून कोणीही करू नये.

मजकूर हाती आला तरी काम संपत नाही, हे डीटीपीवाल्यांना वेगळे सांगायला नको. पाने जुळवणाऱ्या पेजमेकर या प्रोग्रामची अखेरची मुख्य आवृत्ती, सातवी, २००१ सालची. तिला युनिकोडमधली देवनागरी कधीच आली नाही. श्रीलिपी, आकृती, आयएसएम या मराठी टंकलेखनाच्या प्रोग्रामांच्या त्या काळातील फॉन्टांत मराठी अक्षरांचे आकार रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर बसवलेले होते; फॉन्ट नसेल तर नव्या संगणकावर तोच कुलवृत्तान्त अर्थहीन रोमन खुणांची रांग होऊन दिसतो. म्हणून वाचवलेल्या डिस्कमधून केवळ फाइली उचलणे पुरेसे नाही. विंडोजमधील फॉन्टांचा फोल्डर, कळफलकाचा प्रोग्राम, आणि असल्यास त्याचे बाहेरून बसवायचे कुलूप म्हणजे डोंगल, हेही सांभाळले पाहिजे. युनिकोडमध्ये रूपांतर करणारे प्रोग्राम आहेत, पण ते जोडाक्षरांत व रफारांत चुका करतात, आणि त्या चुका मराठी वाचणाऱ्या माणसानेच बसून काढाव्या लागतात. डोंबिवलीच्या त्या बाईंनी हे काम सुरू केले आहे. कुलवृत्तान्तातील ज्यांची नावे शेवटच्या दुरुस्त्यांत होती, त्या कुटुंबांकडून ती पुन्हा मागवून घेण्याचेही.

ज्यांच्या घरी माळ्यावर किंवा पलंगाखाली असा संगणक आहे, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. यंदाच्या आवराआवरीत तो भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढवू नका, आणि 'बघू तरी चालतो का' म्हणून बटणही दाबू नका. डिस्क काढून घ्या; जाणत्या दुरुस्तीकाराला, दुरुस्तीपूर्वी संपूर्ण नक्कल हवी आहे, असे स्पष्ट शब्दांत सांगा. नक्कल मिळाली की तिच्या दोन प्रती करा आणि एक प्रत दुसऱ्या घरी, शक्य तर दुसऱ्या गावी, ठेवा. मजकूर युनिकोडमध्ये आणा. आणि त्यात एखादा कुलवृत्तान्त, एखादी स्मरणिका, बंद पडलेल्या मासिकाचा एखादा अंक निघाला, तर त्याची एक छापील प्रत जवळच्या ग्रंथालयात जमा करून पोच घ्या.